डोंगरी मिरीची चटणी

"अहो, ऋजुताला विचारलंत का?" नलिनीने मिक्सरच्या घरघरीवरून ओरडून विचारलं.

"काय विचारायचंय?" मीही ओरडलो.

"हेच, तो पाला एवढा घालतात का ते!"

मी मिक्सर बंद केला. बायकोच्या शंकांचं निरसन मी नेहमी शांततेत करत असे. "नलिनी, आपल्या घरात पाडव्याची कडुनिंबाची चटणी दर वर्षी कोण वाटतं?"

"तुम्ही."

"आजवर कधी बिघडली?"

"कडूच असते हो ती. बिघडली तरी कळणार कसं?"

मी मिक्सर पुन्हा सुरू केला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हा टास्मानियात होतो. ऑस्ट्रेलियाच्या नकाशाखाली एक तुकडा गळून पडल्यासारखा दिसतो ना, ते बेट. होबार्टपासून तासाभराच्या अंतरावर, सफरचंदाच्या बागा आणि ओलेकच्च डोंगर यांच्या मधोमध एक लाकडी घर होतं. त्या घरात आमची एकुलती एक मुलगी राहत होती आणि तिला तिथून उचलून कऱ्हाडला परत न्यायचं, एवढ्याचसाठी मी इतका लांब आलो होतो. बाकी कांगारू वगैरे मला बघायचे नव्हते.

ऋजुता औषधशास्त्र शिकलेली. मेलबर्नला पुढचं शिक्षण झालं, तिथेच एका मोठ्या औषधांच्या दुकानात नोकरी लागली. कऱ्हाडात मी पेढे वाटले. दोन वर्षांनी एका सकाळी तिचा फोन आला, की नोकरी सोडली आणि आता डोंगरी मिरीच्या मळ्यात काम करते आहे. मी म्हटलं, मिरी तर केरळात होते. ती म्हणाली, ही वेगळी, बाबा. मी फोन ठेवला आणि तिकिटं काढली. जायची दोन, यायची तीन.

तिसऱ्या तिकिटाच्या जोडीला मी सगळी तयारी करून आलो होतो. माझ्या मित्राच्या भावाचा साताऱ्याला औषधांचा कारखाना, तिथे नोकरीचा शब्द घेतलेला. साताऱ्यातलंच एक स्थळ, तेही चांगलं. आल्यापासून तीन आठवडे मी हे सगळं ऋजुताला रोज समजावून सांगत होतो. ती भांडी विसळता विसळता "हो बाबा" म्हणायची. मी नलिनीला म्हणायचो, पोरगी वळणावर येते आहे.

आता माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं, एरवी मी थोडं सांगत नाही. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, पण मनाने मी वैद्य. पदवी नाही, कुणाकडे शिकलो नाही, तरी कुणी शिंकलं की माझ्या तोंडात काढा तयार. कृष्णाकाठी संध्याकाळी फिरायला निघालो की ओळखीचे लोक लांबूनच हात करून दुसऱ्या रस्त्याला लागायचे. मला वाटायचं, किती धावपळीचं आयुष्य झालंय लोकांचं.

अशा माणसासमोर ते डोंगरी मिरीचं झाड आलं. आलो त्याच दिवशी ऋजुताने मळा दाखवला. पुरुषभर उंचीची झाडं, गर्द हिरवी तुकतुकीत पानं, लालचुटुक देठ आणि करवंदाहून लहान काळी फळं. मळा जोन नावाच्या बाईचा. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोलणं अगदी बेताचं. ऋजुता तिच्याबरोबर भागीने काम करत होती.

"बाबा, आपल्या मिरीशी हिचं काही नातं नाही," ऋजुता सांगत होती. "नुसतं नाव तेवढं सारखं. इथल्या मूळच्या लोकांना ही हजारो वर्षं माहीत आहे. फळही तिखट, पानही तिखट. पण हिचं तिखट जरा..."

"पोटाला कशी?" मी विचारलं.

जोन म्हणाली, तिची आजी पोट दुखलं की एखादं पान चघळायला द्यायची.

"म्हणजे दीपन आणि पाचन!" मी म्हटलं. "उष्ण, तीक्ष्ण, कफनाशक. पित्ताचं बघावं लागेल." आणि मग मी जोनला वात, पित्त, कफ यांची ओळख करून दिली. माझं इंग्रजी निविदा मागवण्यात घडलेलं, त्यामुळे कफ हा 'सदरहू कफ' असा यायचा. जोनने सगळं ऐकून घेतलं आणि एक ताजं पान तोडून माझ्यापुढे धरलं. मी ते बोलण्याच्या भरात खिशात घातलं. तिखटाबद्दल ऋजुता काय सांगणार होती ते राहूनच गेलं.

ऋजुता त्या मिरीचं काय काय करायची. ताकात एखादंच फळ चुरडून टाकायची, आणि ताक बघता बघता गुलाबी व्हायचं. उकडलेल्या बटाट्यावर सुकलेल्या पानांची पूड भुरभुरवायची, ती चिमटीत धरून, दोन वेळा झटकून, बस. जोनच्या घरी मासळीवर फळं ठेचून लावायचे. पिठल्यातही तिने एकदा ती पूड घातली, आणि नलिनीने दोनदा मागून घेतलं. मी चव घेऊन निकाल दिला: मवाळ मिरी आहे. आपल्याकडच्या लवंगी मिरचीपुढे हिचा काय पाड! सुकल्या पानांचा फिक्कट चहा मी रोज प्यायचो आणि तिकडे कऱ्हाडच्या योगवर्गातल्या मंडळींना फोनवर लिहून कळवायचो, की सांधेदुखी पळाली. मला सांधेदुखी कधी नव्हतीच, पण ती पळाली हे खरं.

तर, पाडवा आला. पाडव्याला मी ऋजुताच्या परतीची घोषणा करणार होतो. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, त्या दिवशी ठरवलेलं तडीला जातं. गुढीचं साहित्य मी कऱ्हाडहून आणलं होतं, साखरेच्या गाठीसुद्धा. फक्त कडुनिंब नव्हता. सुकवलेला पाला पिशवीत घालून आणला होता, तो विमानतळावर हातमोजे घातलेल्या एका मुलीने बाहेर काढला. परदेशातला पाला आणायची बंदी आहे म्हणाली. मी तिला कडुनिंबाचे गुण सांगितले. रांग खोळंबली तरी ती सगळं ऐकत होती, मधून मधून "येस सर" म्हणत होती, आणि माझं संपल्यावर तिने पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझं मन लावून ऐकणाऱ्या माणसांनी शेवटी बहुतेक असंच काहीतरी केलं आहे.

कडुनिंबाशिवाय पाडवा कसा करायचा? वर्षाच्या पहिल्या दिवशी कडू खायचं, म्हणजे वर्षभर प्रकृती ठणठणीत. मग मी विचार केला, दुधाची तहान ताकावर. इथे दारात एवढा औषधी पाला उभा आहे, तोच वाटला तर? तोही कोवळा, ताजा. ऋजुता आणि जोन पहाटेच मळ्यात गेल्या होत्या, फळं पिकायचे दिवस होते. मी परसातल्या झाडाचे कोवळे शेंडे तोडले. चांगल्या दोन मुठी.

"निदान चाखून तरी बघा," मिक्सर थांबल्यावर नलिनी म्हणाली. ती पुऱ्यांचं पीठ मळत होती.

"नैवेद्याचं चाखायचं?"

"मग वास घ्या."

"वास घेतला तरी उष्टंच होतं. तुला माझ्या आईने शिकवलं नाही का?"

"तुमच्या आईंनी मला खूप शिकवलं," नलिनी म्हणाली. "त्यांना त्यांच्या मुलाला शिकवायला वेळ मिळाला नाही."

मी वाटलेल्या पाल्यात गूळ घातला, ओवा, हिंग, मीठ, चिंच, आणि वर चार मिरी. आपली मिरी. रंग सुरेख आला, अगदी कडुनिंबाच्या चटणीसारखा. चटणीच्या मी चार गोळ्या वळल्या. तीन सुपारीएवढ्या आणि कुटुंबप्रमुखाची लिंबाएवढी.

गुढी अंगणात उभी राहिली. बांबू नव्हता, म्हणून सफरचंदं काढायची लांब काठी घेतली. वर नलिनीची जरीची साडी आणि माझा पाणी प्यायचा तांब्याचा तांब्या पालथा. ऋजुता आणि जोन मळ्यातून हात धुऊन आल्या. जोनने त्या दिवशी रबरी बूट काढून चांगले बूट घातले होते. मी संकल्प सोडताना 'वसंतऋतौ' म्हटलं, तेव्हा तिकडे शिशिराकडे निघालेली सफरचंदाची पानं टपटप गळत होती. पण पंचांग कऱ्हाडचं होतं, मी तेच पाळलं.

नैवेद्य दाखवला. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, आणि वाटीत चार गोळ्या. मग सगळ्यांना अंगणातल्या लाकडी बाकांवर बसवलं आणि गोळ्या वाटल्या. जोनने आपली गोळी नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं, मग गोळीकडे, आणि ती बशीत ठेवून दिली.

"बाबा, हा कसला पाला आहे?" ऋजुताने विचारलं.

"थांब. कुणीही आत्ता खायचं नाही. आधी मी खाणार, मग दोन शब्द बोलणार, आणि मग तुम्ही."

"पण बाबा, हा जर परसातला..."

"ऋजुता, मुहूर्त टळतोय."

मी ती लिंबाएवढी गोळी तोंडात टाकली आणि नीट चावली. औषध गिळायचं नसतं, चावायचं असतं, हे मी लोकांना नेहमी सांगत आलो. चव चांगली होती. आधी गूळ लागला, मग काहीतरी गोडसर, हिरवट, तमालपत्र आणि सफरचंद एकत्र उकळल्यासारखं. कडू मुळीच नाही. मला तर जरा वाईटच वाटलं, की पाडव्याला कडू खाल्ल्याचं पुण्य गेलं.

"तर," मी उठून उभा राहिलो. "आजचा दिवस साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आजच्या या शुभदिवशी मला सांगायला आनंद होतो की आपली ऋजुता..."

इथे मला जिभेच्या टोकाला काहीतरी जाणवलं. अगदी थोडं. मी ओठ पुसले आणि पुढे निघालो.

"आपली ऋजुता येत्या रविवारी आपल्याबरोबर..."

आणि मग ते आलं.

तिखट मी आयुष्यभर खाल्लं आहे. कोल्हापूरच्या लग्नात पैज लावून रस्सा प्यायलो आहे. पण आपलं तिखट दारातून ओरडत येतं, आपण सावध होतो. हे तिखट आधी घरात येऊन बसलं, पाणी प्यालं, आणि मग उठलं. जीभ पेटली, टाळू पेटला, घसा पेटला, कानांतून वाफा निघतायत असं वाटलं. त्यावर कळस म्हणजे ओठ आणि जीभ दोन्ही बधिर व्हायला लागली. आग तर लागलेली आणि आगीचा बंबच झोपलेला. मी "ऋजुता" म्हणायला गेलो, तर तोंडातून "उउथा" असं काहीतरी आलं.

"किती पानं घातलीत?" ऋजुता धावत आली.

मी मूठ दाखवली. मग दुसरीही दाखवली.

"अरे देवा!" ती म्हणाली, आणि जोनला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. जोन आत जाऊन दुधाचं भांडं आणि दही घेऊन आली. मी दूध प्यायलो. दही खाल्लं. मग समोर श्रीखंडाचं पातेलं दिसलं, त्यात पळीऐवजी हात घातला. नलिनी बघत होती. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिने मला नैवेद्याच्या पातेल्यात हात घालताना कधी बघितलं नव्हतं.

"घाबरू नका, बाबा. काही होत नाही याने," ऋजुता मला बाकावर बसवत म्हणाली. "फक्त तोंड बंद ठेवा. बोललं की वाढतं. अजिबात बोलायचं नाही."

मी मान हलवली. तोंडात श्रीखंडाचा घास धरून, डोळ्यांतून पाणी गाळत, मी गुढीकडे बघत बसलो. अंगणात सामसूम झाली. मला आठवतं, लांब कुठेतरी कावळ्यासारखा एक पक्षी ओरडत होता, आणि एवढी शांतता आमच्या कुटुंबात मी जागा असताना पहिल्यांदाच झाली होती.

नलिनीने हातातली पुऱ्यांची चाळण खाली ठेवली.

"ऋजू, सांग आता," ती म्हणाली.

"आई, आत्ता?"

"आत्ताच. अशी वेळ परत यायची नाही."

मी हात वर केला. नलिनीने तो खाली केला.

ऋजुता माझ्यासमोर जमिनीवरच बसली. लहानपणी मार्कांचा कागद दाखवताना बसायची तशी.

"बाबा, मी येणार नाही," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला आल्या दिवसापासून सांगते आहे, पण वाक्य पुरं होत नाही."

मी "उं" केलं.

"तुम्हाला वाटतं, मी लहर आली म्हणून नोकरी सोडली. मेलबर्नला ते दुकान म्हणजे... सकाळपासून गोळ्या मोजायच्या, डब्यात भरायच्या. दिवसभरात कुणाशी दोन शब्द नाहीत. संध्याकाळी खोलीवर आलं की मी भिंतीकडं बघत बसायची. जेवण करायचा कंटाळा, अंघोळीचा कंटाळा. रविवारी तुमचा फोन यायचा. आठवडाभर मी ठरवायची, या रविवारी बाबांना सांगायचं. आणि फोन उचलला की तुमचं सुरू. तांब्यातलं पाणी पितेस का, आवळा खातेस का, उशी कुठल्या दिशेला आहे. मी 'हो बाबा' म्हणायची."

नलिनी तिच्याशेजारी येऊन बसली होती.

"एका रविवारी मी रडतच होते. तुमचा फोन आला तेव्हा मी रडत होते आणि मला थांबता येईना. म्हटलं, बरं झालं, आता सांगावंच लागणार नाही, बाबांना कळेल. तुम्ही थोडा वेळ ऐकलंत आणि म्हणालात, 'सर्दी झालीय वाटतं. नाक चोंदलंय तुझं.' मग हळदीचं दूध कसं करायचं ते सांगितलंत. दूध उकळू द्यायचं नाही, हळद आधी तुपावर परतायची, वर मिरी ठेचून घालायची. सगळं नीट सांगितलंत. मी हो बाबा म्हटलं आणि फोन ठेवला."

"मग?" नलिनीने विचारलं. तिलाही हे माहीत नव्हतं.

"मग काय? उठले आणि हळदीचं दूध केलं. बाबांनी सांगितलं तसंच. ते पिऊन झोपले." ऋजुता थोडं हसली. "त्यानंतर नोकरी सोडायला मला फार दिवस लागले नाहीत. इथं मिरी उतरायला माणसं हवी होती, म्हणून आले. जोनने पहिल्या दिवशी विचारलं, तुला काय काय येतं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग सकाळी सहाला ये. बाबा, इथं आल्यापासून मला सकाळी उठावंसं वाटतं. तुम्हाला हे फार मोठं वाटणार नाही. पण मला वाटतं. माझं तिकीट रद्द करा. मी तुमच्यावर रागावलेली नाही, पण मी येणार नाही."

या सगळ्या वेळात माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. डोंगरी मिरीचा हा गुण ग्रंथात नोंदवायला हवा: ती चढते उशिरा आणि उतरते डोळ्यांवाटे. मी उपरण्याने डोळे पुसत होतो, ते पुन्हा भरत होते.

ऋजुता उठली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. "बाबा, रडू नका ना," ती म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

मला सांगायचं होतं, की मी रडत नाही, तिखट लागलंय. "इखह" एवढंच बाहेर आलं. तिला काय वाटलं देव जाणे. तिने विचारलं, "चालेल ना बाबा? राहू ना मी?" आणि मी मान हलवली. त्या अवस्थेत मला कुणी कऱ्हाडचं घर नावावर मागितलं असतं तरी मी मान हलवली असती.

"झालं तर," नलिनी पदराने नाक पुसत म्हणाली. "आणि माझंही तिकीट पुढं ढकला. मिरी उतरून होईपर्यंत मी इथंच राहते. पोरीला धड जेवायला कोण घालणार?"

एका पाल्यापायी मुलगीही गेली आणि बायकोही. मग सगळे जेवायला बसलो. श्रीखंडाचं जे उरलं होतं ते जोनला वाढलं. मी भात कालवत होतो आणि डोळे पुसत होतो. मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावत होतो आणि डोळे पुसत होतो. पानं उठेपर्यंत माझं तेच चाललं होतं, इतका तो पाला जालीम. संध्याकाळी बोलता यायला लागलं, तेव्हा सगळं ठरून गेलं होतं, आणि मुहूर्तावर ठरलेलं मोडायचं कसं? रविवारी मी एकटाच विमानात बसलो.

कऱ्हाडला आल्यावर मी ही हकीकत सगळ्यांना सांगितली. योगवर्गात सांगितली, बँकेच्या रांगेत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. लोक पोट धरून हसायचे. माझी गोष्ट ऐकायला माणसं थांबायला लागली होती, हे मला फार आवडलं. गोष्टीचा शेवट मी नेहमी एकच करायचो: "तेवढी दोन मुठी पानं आडवी आली म्हणून, नाहीतर मी पोरीला घेऊनच आलो असतो!"

ऋजुता अधूनमधून यायची. तिचा मळा आता मोठा झाला आहे, वाळवलेली मिरी आणि पानांची पूड लांब लांबच्या हॉटेलांत जाते. गेल्या दिवाळीत ती आली होती, तेव्हा फराळाला आलेल्या शेजाऱ्यांपुढे मी पुन्हा ती गोष्ट लावली. ओठ कसे बधिर झाले ते करून दाखवलं. 'उउथा' म्हणून दाखवलं. शेजारी हसून हसून बेजार झाले आणि करंज्या संपवून गेले.

ऋजुता ताटल्या गोळा करत होती. "बाबा, एक सांगू?" ती म्हणाली. "बोललं की तिखट वाढतं, ही तेव्हा मी थाप मारली होती."

"मला वाटलंच होतं!" मी म्हटलं. मला मुळीच वाटलं नव्हतं.

"बोलल्याने काही होत नाही. आणि अजून एक." ती ताटल्या घेऊन दारात थांबली. "आता मी रोज त्या पानांत असते. किती खाल्लं तर किती लागतं, ते मला पाठ आहे. तुम्ही खाल्लंत ते खूप होतं, तरी त्याचा जोर चहा उकळून गाळेपर्यंत टिकतो. फार तर. त्यात तुम्ही एवढं दूध प्यायलात, दही खाल्लंत, पातेलंभर श्रीखंड खाल्लंत. मी हळदीच्या दुधाचं सांगत होते, तोवर तुमचं तिखट उतरलेलं होतं."

मी नलिनीकडे बघितलं. ती पणतीत तेल घालत होती. "मला तेव्हाच कळलं होतं," ती मान वर न करता म्हणाली. "जेवण संपलं तरी तुमचं पाणी खळत नव्हतं."

"मलाही," ऋजुता म्हणाली. "म्हणून तर मी राहिले, बाबा. नुसती मान हलवलीत म्हणून नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. कोवळ्या पानांचा गुण निराळा असतो, म्हणायचं होतं. प्रकृती-प्रकृतीत फरक असतो, म्हणायचं होतं. दोघी माझ्याकडे बघत, न हसता, वाट पाहत उभ्या होत्या. माझ्या तोंडात पान नव्हतं, चटणी नव्हती, काही नव्हतं. तरी एक शब्द फुटेना.